ज्वारीवरचा आळ

एम.एस्सी.च्या दुसऱ्या सेमिस्टरला अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनांच्या घटकांचा, चयापचय शिकताना मध्येच ज्वारी आली. तीही रोगाच्या कारणांत. वर्गात जतची, म्हणजे ज्वारीच्या मुलखातली, मी एकटीच. बाकीच्यांनी मुकाट्यानं लिहून घेतलं. मला मात्र घरच्या माणसाचं नाव पोलीस ठाण्यात ऐकावं तसं झालं.

रोगाचं नाव पेलाग्रा. नायसिन म्हणजे ब-३ जीवनसत्त्व कमी पडलं की होतो. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलवटते, जुलाब लागतात, पुढं भ्रम होतो. अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांत तो इतका होता की लोकांना संसर्गाचा रोग वाटायचा. तसं नाही हे दाखवायला जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरनं १९१६ मध्ये रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्याला काही झालं नाही. (आमच्या बॅचला प्रॅक्टिकलमध्ये बोटातून एक थेंब काढायचा तरी रडारड.)

मक्याचं कोडं तसं सोपं. आपलं यकृत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडं नायसिन स्वतः बनवतं, साधारण ६० मिलिग्रॅममागं १ मिलिग्रॅम. आणि मक्यात ट्रिप्टोफॅनच कमी. ज्वारीत ते मक्याइतकं कमी नाही, तरी दख्खनमधल्या ज्वारीवर राहणाऱ्या मजुरांत पेलाग्रा दिसत होता. मग सी. गोपालन आणि श्रीकांतिया या संशोधकांनी १९६० मध्ये ल्युसीनवर बोट ठेवलं. ज्वारीत हे अमिनो आम्ल भरपूर, आणि त्याचा अतिरेक झाला की नायसिनचं गणित बिघडतं, असा त्यांचा तर्क. त्यावर पुढं बरीच वादावादी झाली. ब-६ जीवनसत्त्व दिल्यावर बिघाड सावरतो असं काहींना दिसलं, काहींना ल्युसीनचा परिणामच सापडला नाही. मला हा विषय आवडायला लागला तो या भांडणामुळं. कॅलरीच्या तक्त्यात असलं काही नसतं.

सुट्टीत आजीला सांगितलं. ती म्हणाली, "भाकरी खाऊन मानूस येडं हुतंय? मग आख्खा तालुका येडा म्हनायचा." पण नंतर स्वतःच बाहत्तरच्या दुष्काळावर आली. रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेची तांबडी ज्वारी. भाकरी जनावरंसुद्धा हुंगून सोडायची म्हणे.

"त्याच्यासंगं काय खायचा?"

"काय खानार? मीठ-मिरची. तीबी असली तर."

माझ्या मते आळ इथंच फिटतो. एरवी आमच्याकडं शाळूच्या भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी असते, हुलग्याचं माडगं असतं, ताक असतं. शेंगदाण्यात नायसिन चांगलं भरपूर, दुधात ट्रिप्टोफॅन. ताटातून एवढं गेलं आणि नुसती भाकरी राहिली की ल्युसीनबद्दल बोलायची वेळ येते. म्हणूनच २०२३ च्या भरडधान्य वर्षापासून ज्वारीच्या पुड्यावर 'सुपरफूड' छापणाऱ्यांचाही मला तेवढाच राग येतो. ज्वारीवर आळ घेणारे आणि हे, दोघंही धान्य ताटातून उचलून एकटं उभं करतात.

सध्या प्रोजेक्टसाठी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांकडून आदल्या दिवसाच्या खाण्याची नोंद घेतेय. ऐकायला सोपं वाटतं. 'भाकरी-कालवण' असं उत्तर येतं, आणि त्यात सगळं येतं नि काहीच येत नाही. कालवणात डाळ होती की नुसतं तिखटाचं पाणी, यावर माझं सगळं गणित उभं. म्हणून मापाच्या वाट्या घेऊन जाते, भाकरी पिशवीतल्या काट्यावर ठेवते. शेंगदाण्याचं विचारलं की बहुतेकजणी मूठ दाखवतात, मग मी ती मूठ भरून घेऊन वजन करते. परवा एकीनं वजन झाल्यावर दाणे परत मागितले, "माझं हायेत ते," म्हणाली, आणि पुढची उत्तरं ते खात खात दिली. तेवढे दाणे आता कुठल्या दिवसात धरायचे, हे गाईडना विचारायचं राहिलंय.