केडगावला जाऊन आले

आज दौंडजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये गेले होते. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली, बालविधवा आणून सांभाळल्या. १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेतला म्हणून इथल्यांनी बोल लावले, तिकडच्या चर्चवाल्यांशीही बाई वाद घालतच होत्या (हे मला फार आवडतं!). ख्रिस्तावर एवढा भरवसा, पण मान कुणापुढेच तुकवली नाही.

हे गेल्यावर मीही प्रार्थनेलाच धरून राहिले. लोक म्हणायचे, खंबीर आहेस. कसली खंबीर? आसरा मिळाला होता, इतकंच. आज तिथे खूप रडले आणि मोकळं वाटलं. पुढच्या वेळी आईला नेणार, गुडघ्यांनी साथ दिली तर.