बाली ते डोंबिवली, व्हाया सुराबाया

"आभाळ तर धुतल्यासारखं स्वच्छ आहे, मग विमान का नाही म्हणतात?" १३ नोव्हेंबर २०२४ ला बालीतल्या देनपसारच्या विमानतळावर सासूबाईंनी हे विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाहेर लख्ख ऊन, आणि फलकावर 'रद्द', 'रद्द', 'रद्द'. आमच्या विमानाचा मेसेज आला तो आम्ही बॅगा घेऊन रांगेत उभे राहिल्यावर. पुढची जागा तीन दिवसांनी.

खरं तर बातमी आम्ही निघण्याआधीच वाचली होती. ३ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास इंडोनेशियातल्याच फ्लोरेस बेटावरच्या लेवोटोबी लाकी-लाकी या ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्यात किमान नऊ माणसं गेली. मी नकाशा उघडून अंतर बघितलं. बालीपासून आठशे किलोमीटरच्या वर, म्हणजे साधारण मुंबई ते बंगळुरू. म्हटलं, एवढ्या लांबून आपल्याला काय होणार! पण राखेचा लोट नऊ-दहा किलोमीटर वर गेला की पुढचं वाऱ्याच्या हातात. आम्हाला जमिनीवर चिमूटभरही राख दिसली नाही. तिकडच्या विमानतळांवर उघड्यावर कोरा कागद ठेवून त्यावर राख पडते का बघतात, 'पेपर टेस्ट'च म्हणतात त्याला. पण कागद कोरा राहिला म्हणून वरची वाट मोकळी असतेच असं नाही.

ही राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, काचेची आणि खडकाची पूड असते. जेट इंजिनाच्या पोटात ती वितळते, मागच्या पात्यांवर जाऊन घट्ट बसते आणि हवेची वाट अडवते. विमानातलं हवामानाचं रडार पाण्याचे थेंब टिपतं. कोरडी बारीक राख त्याला दिसत नाही. जून १९८२ मध्ये जावा बेटावरच्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत ब्रिटिश एअरवेजचं जम्बो रात्री शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. ते तरंगत खाली आलं, राखेतून बाहेर पडल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि खरवडून धूसर झालेल्या काचेतून कसंबसं जकार्ताला उतरलं. हे सगळं नवऱ्याने रांगेतच वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "मग राहू दे, आपण बसने जाऊ."

आणि गंमत म्हणजे आम्ही जवळपास तेच केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी करून गिलिमानुक, बालीच्या पश्चिम टोकाचं बंदर. दक्षिण बालीतून चार तास धरा. तिथून फेरीने जावातलं केतापांग, तासाभराच्या आत. केतापांगचं रेल्वे स्टेशन धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, तिथून रेल्वेने सुराबाया, जावातलं मोठं शहर, सहा-सात तास. घड्याळाचं मात्र लक्षात ठेवा: जावा बालीपेक्षा एक तास मागे आहे आणि गाडीचं तिकीट जावाच्या वेळेने असतं. आम्ही उलट समजून फेरीवर जीव टांगणीला लावून बसलो होतो आणि स्टेशनवर दीड तास आधी पोहोचलो. तिकिटाला पासपोर्ट नंबर लागतो, तो हाताशी ठेवा.

सुराबायाहून आम्ही क्वालालंपूरमार्गे मुंबई घेतलं, सिंगापूरमार्गे नाही. कारण तिकिटं वेगवेगळी असली की मध्ये बाहेर पडून बॅगा घ्याव्या लागतात, आणि सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो. मलेशियाला तेव्हा भारतीयांना व्हिसामाफी होती, फक्त पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरायचं. नियम बदलतात, तुम्ही जाल तेव्हा बघून घ्या.

आता पैशाचं. ज्वालामुखी विमान कंपनीच्या हातातली गोष्ट नाही, त्यामुळे नुकसानभरपाई विसरा. पण रद्द झालेल्या तिकिटाचे पैसे परत किंवा पुढची जागा, यातलं एक मागा आणि रद्द झाल्याचं लेखी घ्याच. आमचा विमा काढला होता ६ तारखेला. दावा फेटाळला गेला, कारण उद्रेक त्याआधीच जगजाहीर होता. माझा राग अजून गेलेला नाही, पण पॉलिसीच्या बारीक अक्षरांत ते होतं हे खरं. तेव्हा विमा तिकिटाबरोबरच काढा आणि ज्वालामुखीचा उल्लेख आहे का ते विचारा.

सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजून सात दिवसांच्या नेल्या होत्या. शेवटची गोळी केतापांगच्या फलाटावर दशमीबरोबर पोटात गेली. सुराबायात औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी दाखवून वेळ निभावली, पण त्या रात्री मला झोप नव्हती. आठवडाभराचं औषध जास्त न्याच.

निघण्याआधी ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातल्या राख-सूचना केंद्राचे नकाशे बघत जा. राख कुठल्या उंचीवर, कुठे सरकतेय ते त्यात कळतं. आणि हे फक्त बालीचं दुखणं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख पार दिल्लीपर्यंत आली आणि आपल्याकडची काही विमानं रद्द झाली.

आम्ही १६ तारखेला डोंबिवलीत पोहोचलो. रांगेत आमच्या मागे असलेलं नाशिकचं जोडपं तिथेच हॉटेलात थांबलं होतं. त्यांना अचानक जागा मिळाली आणि ते आमच्या आधी घरी पोहोचले. सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.