काकू, आज पोरांना अंगणात सोडणार का?

होळी झाली की आमच्या पाळणाघराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न सुरू होतो. एखादी आई मोबाइलवरच्या तापमानाचा फोटो टाकते, ४१ की ४२, खाली हात जोडलेले. तेवढ्यात दुसरी लिहिते, "दिवसभर घरात राहिली की रात्री बारापर्यंत झोपत नाही ओ, थोडं तरी सोडा." दोघींचंही खरं असतं. आणि दोघींनाही मी "बघते" एवढंच लिहिते, कारण मला खरंच बघावं लागतं. मोबाइलवर नाही, अंगणात.

माझं पाळणाघर सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात, घराच्या तळमजल्यावर. दीड ते पाच वर्षांची लेकरं. पुढे अंगण, त्यात शहाबादी फरशी, एक जुना कडुनिंब, दोन झोके आणि प्लॅस्टिकची घसरगुंडी. लोखंडाची फुकट मिळत होती, घेतली नाही. सोलापुरात उन्हात ठेवलेल्या लोखंडाचं काय होतं ते मोटरसायकलच्या टाकीला मांडी लागलेल्या कुणालाही विचारा.

आता त्या आकड्याबद्दल. हवामान खात्याचं तापमान सावलीत मोजतात. पांढरी, झडपांची लाकडी पेटी, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, हवा खेळती. माझ्याकडच्या दोन वर्षांच्या पोराची छाती येते दोन फुटांवर, आणि खाली तापलेली फरशी. म्हणजे तो आकडा त्याच्या वाट्याच्या उन्हाचा नाहीच. म्हणून मी आणि मावशी बाहेर जातो आणि तळहाताची मागची बाजू फरशीवर टेकवून सावकाश पाचपर्यंत मोजतो. पाचाच्या आत हात उचलावासा वाटला की अनवाणी पायांना बंदी. मग झोक्याच्या साखळीची कडी, मग घसरगुंडीचा वरचा टप्पा. प्लॅस्टिकही तापतंच, गडद रंगाचं जास्त. आमच्या घसरगुंडीचा लाल भाग आणि पिवळा भाग एकाच वेळी हात लावून बघा, फरक कळतो. रोपांच्या नर्सरीतून ७५ टक्के सावलीची हिरवी शेडनेट आणून वर बांधली आहे. तिने बरंच काम केलं. पण सूर्य कलला की नेट वर आणि ऊन बाजूने आत, असं होतंच.

"उष्णतेच्या लाटेचा इशारा नाही ना आज, मग सोडा की," असंही कुणीतरी म्हणतं. इथे एक गोष्ट सांगते. मैदानी भागात लाट जाहीर करायची तर कमाल तापमान किमान ४० हवं आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त हवं. नाहीतर सरळ ४५ गाठायला हवं. आमची मे महिन्यातली सरासरीच चाळिशीच्या घरात. म्हणजे सोलापुरात ४२ अंशांचा दिवस कागदावर साधा दिवस ठरू शकतो. इशारा आला तर मी मानतेच. नाही आला म्हणून दार उघडत नाही.

त्यापेक्षा मला घड्याळ जास्त उपयोगी पडतं, आणि त्यातही दोन घड्याळं आहेत. एक सूर्याचं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप होते. तेही बाराला नाही, साडेबाराच्या थोडं आधी, कारण आपण भारतीय वेळेच्या रेषेच्या बरेच पश्चिमेला आहोत. सावली आपल्यापेक्षा बुटकी झाली की ऊन त्वचेला चटके देणारं, हा ठोकताळा. मे महिन्यात सकाळी सव्वानऊच्या आसपास सावली आपल्या उंचीएवढी होते. हे मोठ्या गटातल्या पोरांना इतकं आवडलंय की तीच मला येऊन सांगतात, "आजी, माझी सावली छोटी झाली!" आणि रांगेने आत येतात. न रडता. हे फार मोठं काम झालं.

पण हा ठोकताळा फक्त सकाळचा. दुपारी साडेतीनला सावली पुन्हा लांब व्हायला लागते आणि नवीन आलेली ताई म्हणते, आता सोडूया. तेव्हा हवेचं घड्याळ लागू होतं. हवा सर्वांत जास्त तापते ती तीनच्या सुमारास, आणि फरशी, भिंती, समोरचा डांबरी रस्ता दिवसभर प्यालेली उष्णता संध्याकाळपर्यंत ओकत बसतात. सहा-सव्वासहाच्या आत आमच्या अंगणात जीव रमत नाही.

खरी अडचण इथेच आहे. अंगण चांगलं असतं सकाळी साडेसात ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर. पालकांचं वेळापत्रक नेमकं याच्या मधलं. साडेनऊ-दहाला लेकरू सोडायचं, सहाला न्यायचं. म्हणजे पाळणाघराची वेळ आणि उन्हाची वेळ यांची जणू पत्रिकाच जुळलेली. उन्हाळ्यात जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळच्या होतात, बँका आणि दवाखाने होत नाहीत. मग "आज बाहेर का नाही नेलं" याचं खरं उत्तर पुष्कळदा "तुम्ही दहाला आलात म्हणून" असं असतं. ते तोंडावर म्हणवत नाही, म्हणून इथे लिहिते.

आजोबा लोकांचं वेगळंच. "आम्ही भर उन्हात विटी-दांडू खेळून मोठे झालो, काय झालं आम्हाला?" आजोबा, तुम्ही आठ-दहा वर्षांचे होता, तहान लागली की शेजारच्या रांजणाला तोंड लावत होता, चक्कर आली की झाडाखाली बसत होता. हे दोन वर्षांचं आहे. याला तहान लागली हे खेळाच्या नादात समजत नाही आणि समजलं तरी मागता येत नाही. शिवाय इतक्या लहान अंगाला वजनाच्या मानाने कातडी जास्त, त्यामुळे हवा अंगापेक्षा गरम झाली की उष्णता भराभर आत शिरते. घामही मोठ्या माणसासारखा येत नाही.

आणि आपल्या कोरड्या हवेत जो येतो तोही दिसत नाही. मुंबईत पोर घामाने थबथबलेलं दिसतं, इथे घाम आला तसा सुकतो. कोरडं कपाळ बघून "बरं आहे की" म्हणायची सोय नाही. मी कपाळ बघत नाही, शू बघते. हसू नका. आमच्याकडे प्रत्येक लेकराच्या नावापुढे वेळ लिहायची वही आहे. नेहमी दोन-अडीच तासांनी जाणारं पोर चार तास गेलं नाही, किंवा रंग गडद पिवळा झाला, की त्याचा बाहेरचा खेळ त्या दिवसापुरता बंद, बाकीची खेळत असली तरी. डायपरवाल्यांचं डायपर हातात धरूनच कळतं. एरवी किरकिर करणारं पोर एकाएकी गप्प कोपऱ्यात बसलं तर तेही वहीत. खेळताना दर पंधरा-वीस मिनिटांनी सगळ्यांना माठाचं पाणी, मागो न मागो, दोन-दोन घोट. अंग तापलंय, पोर गुंगल्यासारखं करतंय किंवा ओळखत नाही असं झालं तर सरबत पाजत बसायचं नाही. कपडे काढायचे, ओल्या टॉवेलने अंग पुसत पंख्याखाली धरायचं आणि १०८ ला फोन लावायचा. मावशींना हे पाठ आहे. देवाच्या दयेने उपयोग करावा लागलेला नाही.

टॉवेलची आपल्या या टॉवेलांच्या गावात वानवा नाही. वानवा पाण्याची. नळ रोज येत नाही, त्यामुळे संध्याकाळी फरशीवर सडा मारायचा की टाकी पुरवायची हा हिशोब चालू असतो. पाणी आलेल्या दिवशी सडा, म्हणून त्या दिवशी पोरं पाऊण तास लवकर बाहेर. अंगणातला खेळ उजनी धरणावर अवलंबून आहे म्हटलं तर खोटं नाही.

हे सगळं असलं तरी उन्हाच्या बाबतीत मी तडजोड करते. पंधरा मिनिटं, सावलीत, टोपी घालून, मोठ्या गटालाच, असं काहीतरी निघतं. विजेच्या बाबतीत नाही.

एप्रिल-मे मध्ये दुपारी तीन-चारनंतर आभाळ दाटतं, आधी वावटळ येते, धूळ डोळ्यात जाते, कुणाच्या तरी छताचा पत्रा खडखडतो. पोरं या वेळी सर्वांत खूश असतात, कारण एकदम गार वारं सुटतं. पालकही मेसेज करतात, "वातावरण मस्त झालंय, सोडा आता." वळवाचं हेच फसवं आहे. पाऊस अजून दूर असतो आणि वीज आधी पोचलेली असते. गडगडाट ऐकू आला याचा अर्थच आपण तिच्या टप्प्यात आहोत. वीज चमकल्यापासून आवाज यायला तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत. मी मोजत बसत नाही, पहिल्या गडगडाटाला सगळे आत. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास जाईपर्यंत दार उघडत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलवर आहे, आसपास वीज पडत असली तर ते सांगतं. पण कान आधी.

आणि महिनाभर ज्या कडुनिंबाखाली पोरांना नेऊन बसवलं, त्याच्याजवळ या वेळी फिरकायचं नाही. हे शिकवणं सर्वांत जड जातं. पाऊस आला की झाडाखाली पळायचं हे पोरांना आजोळी शिकवलेलं असतं.

बाकी ऋतूंचं फार बोलण्यासारखं नाही. विजा नसलेल्या पावसात मी पोरांना भिजू देते. आपल्याकडे पडतो तरी किती! जादा कपड्यांचा जोड पिशवीत ठेवा म्हणून सांगितलेलं असतं. जूनमध्ये दोन सरी पडून गेल्यावरचा दमटपणा मात्र सोपा समजू नका. आकडा ३५ वर उतरतो, पण घाम सुकत नाही, आणि मे महिन्यात गारठा आणणारा आमचा कूलर नुसतं ओलं वारं फेकतो. कूलरने काम सोडलं की पोरांच्या अंगाचं कूलरही तसंच अडलंय असं समजून खेळ अर्ध्यावर आणते. थंडीचं म्हणाल तर जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पोरं स्वेटर, कानटोपी, वर जाकीट अशी येतात आणि साडेनऊच्या उन्हात पळून आतून ओली होतात. एक थर काढला की झालं.

तर यंदा असं ठरवलंय. एप्रिल आणि मे दोन्ही महिने पाळणाघर सकाळी साडेसातला उघडेल, जादा पैसे नाहीत. ज्यांना जमेल त्यांनी लेकरू आठच्या आत आणून सोडा. डबा एवढ्या लवकर होत नाही ही तक्रार मला माहीत आहे, तर नाश्ता इथे देईन, पोहे नाहीतर उप्पीट. टोपी आणि पाण्याची बाटली मात्र घरून, दोन्हीवर नाव घालून. कोण कोण येणार ते ग्रुपवर रविवारपर्यंत सांगा, त्या हिशोबाने रवा आणते.