बग नव्हता, बर्फ होता

मी फिनलंडमध्ये ओउलूला असतो, रेनडिअरच्या गळ्यात जे जीपीएस पट्टे घालतात त्यांचं सॉफ्टवेअर बघायचं काम. गावाकडे अजून सगळ्यांना वाटतं मी तिकडे गुरं राखतो, आणि खरं सांगायचं तर फार काही चूक नाहीये.

तर जानेवारीच्या शेवटी उत्तरेतल्या इनारीकडच्या एका कळपाचे ठिपके स्क्रीनवर वेड्यासारखे पसरायला लागले. थंडीत ही जनावरं ताकद वाचवतात, एका जागी बर्फ उकरायचा, खायचं, थोडं सरकायचं, बास. ही मात्र चौफेर पांगलेली. मी लिहिलं 'जीपीएस एरर' आणि तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करून टाकलं.

दोन दिवसांनी मालकाचाच फोन, तोडक्या इंग्लिशमध्ये, एरर नाही, येऊन बघ म्हणून. सात तास गाडी, पुढे स्नोमोबाइल, उणे 28, पापण्या चिकटत होत्या. काकांनी (मी मनातल्या मनात काकाच म्हणतो) फावडं मारलं, वरचा भुसभुशीत बर्फ गेला आणि खाली टण्णकन आवाज. डिसेंबरात पाऊस पडला होता म्हणे, तो जमिनीलगत गोठून काच झालेली. काचेखाली याकाला, म्हणजे ह्यांचा हिवाळ्यातला चारा, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचा चुलतभाऊ समजा, पांढुरका, स्पष्ट दिसतोय पण खाता येत नाही. एरवी रेनडिअर बर्फाखालून वासावर तो शोधतं, पण काचेतून वास येणार कुठून?

एक मादी आली, शिंगं होती म्हणून ओळखलं, मोठ्या नरांची तोवर गळलेली असतात. चालताना पायातल्या कंडरांचा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांचा) टिक टिक आवाज. दोनदा खूर मारला, घसरला, मग नुसती उभी राहिली. मला कसंतरीच झालं, तिचं हे उभं राहणं आणि मग निघून जाणं मी ऑफिसात बसून एरर म्हणून मिटवलं होतं.

मग आम्ही गवत आणि पेंडीच्या गोण्या ओढल्या. ओढता ओढता मी विचारलं, एकूण किती जनावरं तुमची? काका थांबले, म्हणाले, तुझ्या बँकेत किती आहेत? हे इकडे विचारायचं नसतं हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तिकीट परत उघडलं ते रात्री गाडीतूनच. घरी आलो तर जॅकेटच्या खिशात बर्फाचा तुकडा विरघळून नुसता याकाला उरलेला. बायकोने नाकाशी धरला, म्हणाली, याला तर कसलाच वास नाही.