तुम्ही विचारलंत म्हणून: बारावीच्या वर्षात गाडी कशाला?

हा प्रश्न मला लग्नात विचारला गेला आहे, बारशात विचारला गेला आहे, आमच्या लिफ्टमध्ये तर नेहमीच, आणि एकदा चक्क वैकुंठ स्मशानभूमीत, बाकावर वाट बघत बसलेलो असताना. "काय हो, पोराचं बारावीचं वर्ष, आणि तुम्ही त्याला फियाटखाली घातलंत?" विचारणारा हसत विचारतो, म्हणजे मला रागवायची सोय नाही. निकालानंतर प्रश्नाचा नुसता काळ बदलला: "तेव्हा गाडीचं खूळ नसतं, तर गेला असता हो सीओईपीला." (सीओईपी म्हणजे पुण्यातलं नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज.)

आजवर मी "हो ना, काय करणार" म्हणून निसटलो. आता एकदाच लिहून टाकतो.

गाडी तुम्ही बघितलेली आहे. आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, १९८५ची प्रीमियर पद्मिनी, जिला सगळे फियाटच म्हणतात. मोतीबिंदूनंतर आण्णांनी चालवणं सोडलं, मग ते गेले, आणि गाडी डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली बसून राहिली. कव्हर फाटलं, चाकं बसली, मांजर व्यायली. ते सगळं तुमच्यासमोरच झालं, त्यामुळे पुन्हा सांगत नाही.

जे तुम्हाला माहीत नाही ते क्रमाचं आहे. गाडीपायी क्लास सुटला असं तुम्ही सगळे धरून चालता. क्लास आधी सुटला. अकरावीच्या गणपतीनंतर पोरगा सकाळी सॅक घेऊन घरातून निघायचा आणि क्लासला पोहोचायचा नाही. पीएमटीत बसून स्वारगेटला जायचा, तिथून कुठलीतरी दुसरी बस पकडायचा, आणि क्लास सुटायच्या वेळेला घरी यायचा. दोन वर्षांची इंटिग्रेटेडची (कॉलेज आणि प्रवेश परीक्षेचा क्लास एकत्र) फी भरून झालेली. का जात नव्हता, ते मला माहीत आहे आणि ते मी लिहिणार नाही. ते त्याचं आहे. दिवाळीपर्यंत बसमध्ये बसणंही थांबलं, खोलीचं दार बंद झालं. जेवायला बाहेर यायचा तेवढाच. समुपदेशक झाले. त्या बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, अभ्यासाशी संबंध नसलेलं काहीतरी हाताने करता येईल असं बघा. आमच्याकडे तसं एकच होतं, आणि ते मांजरीने बळकावलेलं होतं.

सोपं उत्तर इथे संपतं, आणि बहुतेक वेळा मीही इथेच थांबतो. लोक "वा, छान केलंत" म्हणतात. ऑफिसात तर मी त्या काळात ह्यावर व्याख्यानच द्यायचो. यंत्र माणसाला संयम शिकवतं, बापलेकांना आपोआप बोलायला विषय मिळतो, वगैरे. तेव्हाच्या त्या मला आज कुणी समोर उभं केलं तर मी विचारीन: बाबा रे, तू किती बोललास त्याच्याशी? "चौदाचा पाना दे" हे बोलणं धरायचं का? आणि संयमाचं म्हणशील, तर गंजलेला बोल्ट माझ्या हातात तुटला की मी ज्या शिव्या द्यायचो, त्या त्या पोराने आधी माझ्या तोंडून ऐकल्या नव्हत्या.

काम मात्र झालं, हे कुणी नाकारू नये. इंजिन जाम होतं. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या गल्लीत उभ्या आयुष्यात फियाटशिवाय काही न केलेले एक चाचा भेटले, रविवारी यायला तयार झाले. त्यांनी प्लग काढून चारही भोकांत डिझेल ओतायला लावलं आणि सांगितलं, आता आठवडाभर हात लावायचा नाही. मग क्रँकच्या पुलीला पाना लावून पोराने रोज सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा हिसका द्यायचा. एका संध्याकाळी पुली केसभर सरकली. तो ओरडला नाही. वर येऊन आईला म्हणाला, "सुटलं," आणि हात न धुता पोळी घेतली. त्या दिवशी त्याच्या आईने हात धुवायला सांगितलं नाही, एवढंच सांगतो.

चाचांकडून तो शिकला, माझ्याकडून नाही. मी अकाउंट्सचा माणूस. १०८९ सीसी, चार सिलेंडर, स्टिअरिंगला हँडगिअर, हे मला बिलावर लिहिण्यापुरतं कळायचं. जुन्या बाजारात बुधवारी जायचं की रविवारी, दरवाजाचं हँडल अस्सल आहे की ठोकून केलेलं, कार्बोरेटरचं जेट तारेने का साफ करायचं नाही (भोक मोठं होतं, मग गाडी पेट्रोल पिते, फुंकर मारायची), हे सगळं तो मला सांगायचा. कार्यकारिणीने काचेवर चिठ्ठी डकवली, "हे पार्किंग आहे, गॅरेज नव्हे." ती त्याने फाडली नाही. काळजीपूर्वक काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. अजून आहे.

आता तो प्रसंग. हा मी कुणाला सांगितलेला नाही.

बारावी सुरू झाली होती. जुलै, बाहेर धो धो पाऊस. पार्किंगमध्ये आम्ही दोघंच. इंजिन एकदा सुरू झालं होतं, पण अडखळत होतं, म्हणून त्याने कार्बोरेटर उतरवून पूर्ण उघडला होता. त्याचे जेट, सुई, स्प्रिंगा, सगळं श्रीखंडाच्या डब्यांत, झाकणावर मार्करने नावं. फ्लोटची पातळी किती ठेवायची ह्याचा व्हिडिओ माझ्या फोनवर लावून फोन मडगार्डवर उभा केला होता. त्याचे हात रॉकेलात, म्हणून व्हिडिओ मी थांबवत होतो, पुढे ढकलत होतो. तेवढ्यात वरून पट्टी उतरली. माझ्या ताईचा मेसेज: "अरे, गाडीचा उपाय लागू पडतोय का? क्लासचा विषय काढलास का?"

त्याने वाचला. मी वाचलेलं त्याने बघितलं.

"उपाय?" तो म्हणाला.

"अरे, तसं नाही."

"मग कसं?"

मला काही सुचलं नाही. दोन वाक्यं सुचली होती, दोन्ही खोटी होती, आणि खोटं त्याला लगेच कळतं. तो म्हणाला, "बाबा, मला वाटलं तुला गाडी करायची आहे." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मग त्याने जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याने एकेक पाना रॉकेलात बुडवून पुसला, चाचांनी शिकवल्याप्रमाणे लहानापासून मोठ्यापर्यंत फडक्यावर ओळीने ठेवला. श्रीखंडाच्या डब्यांची झाकणं लावली. माझा फोन पुसून माझ्या हातात दिला. सावकाश, जसं काही दुकान वाढवून किल्ली मालकाला द्यायची आहे. आणि जिन्याने वर गेला. लिफ्ट समोर उभी होती.

ह्यावर मी स्वतःशी खूप भांडलो आहे. ताईला सांगितलं ह्यात माझं काय चुकलं, हे मला अजूनही कळत नाही. पोरगा खोलीत कोंडून घेतो तेव्हा माणूस सख्ख्या बहिणीशी बोलणार नाही तर कुणाशी? आणि त्याच्यासाठी म्हणून गाडी काढली, तर त्यात लपवण्यासारखं तरी काय होतं? पण मी लपवलं होतं, हेही खरं. त्याला सांगताना मी म्हणालो होतो, "आण्णांची गाडी सडतेय, मला बघवत नाही." ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. आणि आज विचाराल तर दोन्हींतलं किती किती, त्याची वजावट माझ्यासारख्या अकाउंट्सवाल्यालाही करता येत नाही. कारण तोवर मला खरंच गाडी करायची होती. रात्री झोपेत मी दरवाज्याचे रबर शोधायचो.

म्हणून तो वर गेल्यावर मी काम थांबवलं नाही. बायकोला ते निर्दयपणाचं वाटलं. "त्याच्याशिवाय कशाला करतोस?" मी म्हटलं, त्याला तेच बघायचं असेल ना, की मला गाडी करायची आहे की नाही. मी हे तेव्हा म्हटलं की नंतर रचलं, नक्की सांगता येणार नाही.

पावसाळा गेला. ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं पूर्ण होऊन रस्त्यावरून उतरली. ती बातमी मला निदान निम्म्या नातेवाइकांनी पाठवली, वर हात जोडलेली इमोजी, जणू आमच्याच घरात कुणी गेलं. त्याच दिवसांत मी नाना पेठेतून प्लगच्या नव्या वायरी आणल्या आणि चाचांची वाट न बघता स्वतः लावल्या. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-३-४-२, हे मला पाठ होतं. स्टार्टर मारला, इंजिनाने गचके दिले आणि कार्बोरेटरमधून असा बार काढला की दिवाळी तोंडावर असल्याने वॉचमन पोरांना हुडकायला धावला. मी पुन्हा मारला. पुन्हा बार. तिसऱ्यांदा हात किल्लीकडे गेला, तोच जिन्यात चपला वाजल्या.

"थांब," तो म्हणाला. "दोन आणि तीन उलटे लावलेस. वर ऐकू येतंय."

"१-३-४-२च लावलंय."

"कुठल्या बाजूने? रोटर कुठल्या बाजूने फिरतो ते बघितलंस का? क्रम बरोबर आहे, तू उलट्या बाजूने मोजलास. म्हणून एक आणि चार जागेवर आले आणि दोन-तीन एकमेकांच्या घरात."

त्याने दोन वायरी उपटल्या, अदलाबदल केली, मला मान हलवून खूण केली. इंजिन धरलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो वर निघूनही गेला. तो माझ्यासाठी खाली आला नव्हता. चुकीचं काम त्याला ऐकवत नव्हतं, म्हणून आला होता. तुम्हाला हे कमी वाटेल. मला चाललं.

त्यानंतर "बापलेक एकत्र" असं जे चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहे, तसं काहीही झालं नाही. आम्ही पाळ्यांनी काम केलं. मी ऑफिसात असताना तो, रात्री मी. मध्ये स्टिअरिंगला चिकटवलेल्या चिठ्ठ्या: "ब्रेकचं तेल भरलेलं नाही. गाडी हलवू नये." "पत्र्यावर भरलेली लांबी ओली आहे. बोट लावून बघू नये." पुणेरी पाट्यांचं वळण रक्तातच असतं म्हणायचं.

निकालाचं. ६३ टक्के. २१ मे २०२४ला लागला. दोनच दिवस आधी कल्याणीनगरचा तो अल्पवयीन मुलाच्या हातातल्या गाडीचा अपघात झाला होता, त्यामुळे त्या आठवड्यात ज्याने ज्याने टक्के विचारले त्याने लगेच खालच्या आवाजात हेही विचारलं: "तो चालवत तर नाही ना गाडी?" नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत त्याने गाडी पार्किंगच्या बाहेर काढली नाही. अल्पवयीनाच्या हातात गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, हे २०१९च्या दुरुस्तीतलं कलम मला त्यानेच आधी वाचून दाखवलं होतं. आणि "व्हिंटेज नंबर का घेत नाही" म्हणणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी: त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते, आमची अजून लहान आहे. आम्ही साधं पाच वर्षांचं नूतनीकरण केलं. ६०० रुपयांत व्हायचं ते एप्रिल २०२२ पासून ५००० झालं होतं, वर पर्यावरण कर.

तर बारावीच्या वर्षात गाडी नसती तर काय झालं असतं? सीओईपी झालं असतं? तुम्हाला खात्री आहे, मला नाही. गाडी होती म्हणून तो खोलीबाहेर आला, असंही मी छातीठोक म्हणत नाही. त्याची आई म्हणते, तो आपला आपण आला, त्या सुमारास यायचाच होता. शक्य आहे. मी एकदा त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "परत उपाय सुरू झाला का?" मग मी नाद सोडला.

आणि आता तो ऑटोमोबाईल करत असेल असं समजून "चला, सोनं झालं" म्हणणाऱ्यांसाठी: तो बी.कॉम.ला आहे. गाड्यांचं त्याला विशेष काही नाही. ह्याच गाडीचं आहे, तेही पहिल्याइतकं नाही. पानशेतपर्यंत दोनदा गेलो, एकदा तो चालवत होता, एकदा मी, आणि दोन्ही वेळा शेजारी बसलेल्याने गिअरवरून अक्कल शिकवली.

सध्या वायपरची मोटर गेली आहे. नाना पेठेत नाही, जुन्या बाजारात मिळाली ती चालत नाही. कुणाच्या गोठ्यात, गॅरेजात पद्मिनीची चालू मोटर पडून असेल तर जरूर कळवा. मोटरच. सल्ला नको.