वारा फिरला ती दुपार

मार्च उजाडला की रत्नागिरीत शिंकांचं खापर आंब्याच्या मोहोरावर फुटतं. मोहोर डोळ्यांना दिसतो, त्याचा वास घरात येतो, म्हणून तोच गुन्हेगार. वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे मला हे दरवर्षी खटकतं. मोहोराचे परागकण चिकट असतात, माश्या आणि इतर कीटक ते फुलाफुलावर नेतात. बागेत झाडाखाली राबणाऱ्याला त्यांचा त्रास होऊ शकतो, फवारणीचाही होतो. पण वाऱ्याबरोबर अख्खं गाव ओलांडणं मोहोराला जमत नाही. ते जमतं किनाऱ्यावरच्या सुरूच्या (कॅज्युरिना) झाडाला.

सुरूची नर फुलं कुणी फुलं म्हणून पाहतच नाही. बारीक काड्यांच्या टोकांना तांबूस तुरे येतात, पाकळ्या नाहीत, मध नाही. ऊन तापल्यावर असा तुरा बोटाने टिचकवला की पिवळसर धूर उडतो. सगळी भिस्त वाऱ्यावर, म्हणून कण अमाप, कोरडे आणि हलके. एकेक साधारण ३० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी.

आमच्या कॉलेजच्या गच्चीवर आम्ही व्हॅसलीन लावलेली काचपट्टी ठेवतो. दुपारी बाराला ती बदलतो, कारण सकाळी मतलई वारा जमिनीवरून येतो आणि दुपारी खारा वारा समुद्रावरून. दोघांचा माल वेगळा असतो. सकाळच्या पट्टीवर धूळ, बुरशीचे बीजाणू, कुठे गवताचा चुकार कण. दुपारची पट्टी एरवी बरीच स्वच्छ.

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं. लॅबचे मामा राजिवड्याचे, म्हणजे मच्छिमारांच्या वस्तीतले. पट्टी बदलायला वर गेले होते, ते खाली येऊन म्हणाले, "मॅडम, वारा फिरलाय. आज दक्षिणेचा धरलाय." मी मान डोलावली आणि प्रॅक्टिकलला गेले.

मधली सुट्टी मैदानात घालवून मुलं आली आणि तासाभरात दुसऱ्या बाकावरची मुलगी टेबलाला दोन्ही हात टेकून उभी राहिली. खांदे वर ओढलेले, श्वास सोडताना बारीक शिट्टी. "मॅडम, श्वास पुरत नाही," एवढंच ती तुटक बोलली. तिला फेब्रुवारीपासून सर्दी होती, दम कधी लागला नव्हता. रिक्षा बोलावून आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लगेच नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं यंत्र, लावला. अर्ध्या तासात तिच्या चेहऱ्यावर रंग आला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. बाहेरच्या बाकावर आणखी काही जण तसेच खोकत बसले होते. डॉक्टर म्हणाले, "दुपारपासून अशीच रीघ लागलीय. हवेत आज आहे तरी काय?"

परत आल्यावर मामांना लॅब उघडी ठेवायला सांगितली. दुपारच्या पट्टीवर फुक्सिन हा रंग घातलेल्या ग्लिसरीन जेलीचा थेंब ठेवला, दिव्यावर जरा गरम केला, वर पातळ काच. सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी रंगलेले गोलसर त्रिकोणी कण दिसले, तिन्ही कोपऱ्यांना एकेक छिद्र. सुरू! नजर हलवावी तिकडे सुरूच.

सुरूची सुटी झाडं शहरातही आहेत, त्यामुळे आधीच्या दुपारच्या पट्ट्या काढून ताडून पाहिल्या. झाडं तीच, बहर तोच, कण मात्र तुरळक. बदलली होती ती वाऱ्याची दिशा. दाट सुरुबन आहे भाट्याला, खाडीच्या पलीकडे, शहराच्या दक्षिणेला. मार्चमध्ये दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो आणि तिथले कण शहरापासून लांब, आतल्या गावांकडे नेतो. त्या दुपारी दक्षिणेचा वारा खाडी ओलांडून थेट शहरात शिरला. समुद्रावर झाडं नाहीत, म्हणून खारी हवा निर्मळ, असं आपण धरून चालतो. पण किनाऱ्याला लागल्यावर ती आधी सुरूतूनच कण उचलून पुढे येते. त्यात खारा वारा जमिनीलगतच्या थोड्या उंचीच्या थरात वाहतो, त्यामुळे कण वर विरून जाण्याऐवजी आपल्या नाकाच्या पातळीवर रेंगाळतात.

संध्याकाळी गडगडाट झाला, चार थेंब पडले. मला मेलबर्न आठवलं. २१ नोव्हेंबर २०१६ ला तिथे वादळ आलं, राय गवताचे परागकण ओलाव्याने फुटले आणि त्यांचे सूक्ष्म तुकडे फुप्फुसात खोलवर गेले. अख्खा कण बहुधा नाकातच अडकतो, तुकडा अडकत नाही. हजारोंना दम लागला, १० जण दगावले. पाऊस हवा धुतो हे खरं, पण वादळाचा पहिला झोत कण खाली लोटतो. दम्याच्या माणसांनी पहिल्या सरीला अंगणात धावू नये, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

त्या मुलीची पुढे कोल्हापूरला त्वचेची चाचणी झाली. ॲलर्जीच्या गोळ्या आधी काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या, ते दिवस तिने कसेबसे काढले. हातावर ओळीने थेंब आणि टोचणी. मोहोराच्या थेंबाखाली काही नाही, घरातल्या धुळीच्या किड्याला छोटी गांधी आणि सुरूला रुपयाएवढी. तिची आई फोनवर म्हणाली, "दारातला आंबा तोडायला निघालो होतो हो आम्ही!"

म्हणून सुरू तोडा, असं मी मुळीच म्हणणार नाही. १८६८ मध्ये कारवारला लावलेलं हे परकं झाड वाळू धरून ठेवतं, वारा अडवतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-दापोलीकडच्या नारळी-पोफळी कशा आडव्या झाल्या, ते आपण पाहिलंय, किनाऱ्याला झाडांची भिंत हवीच. पण शाळा आणि दवाखाने जिथे वाऱ्याच्या वाटेवर आहेत तिथे नव्या लागवडीत उंडी, करंज, भेंड घ्यावेत. तिघेही खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाहीत आणि परागासाठी कीटकांवर विसंबतात. उंडीची रोपं आम्ही कॉलेजच्या आवारात वाढवायला घेतली आहेत, बिया मामांनीच आणून दिल्या. आणि डॉक्टरांशी ठरलंय, फेब्रुवारी ते एप्रिल दक्षिणेचा वारा धरला की आम्ही त्यांना फोन करायचा.