शिंगाड्याच्या वेलातला नाग

रामटेक-पारशिवनी पट्ट्यात १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काम करताना सर्पदंशाचे कॉल सर्वांत जास्त येतात ते पावसाळ्यात. धानाची रोवणी सुरू झाली की बांधावर, गोठ्यात, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला, असे कुठून कुठून फोन येत राहतात. दिवाळी उलटली की त्यांचं प्रमाण उतरतं. त्यामुळे कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी सकाळी ‘तलावात बाईला साप चावला’ असा कॉल आला, तेव्हा आमच्या पायलटलाही जरा नवल वाटलं. (१०८ वर गाडी चालवणाऱ्याला पायलटच म्हणतात.)

तलाव म्हणजे आपल्याकडचा मामा तलाव, माजी मालगुजारी. पूर्व विदर्भात असे तलाव गावोगावी आहेत आणि त्यात ढीवर समाजाच्या संस्था मासे आणि शिंगाडा घेतात. नागपुरात हातगाडीवर उकडलेले काळे शिंगाडे आपण घेतो तेव्हा ते कुणी, कसे काढले हे सहसा डोक्यात येत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून किंवा फुगवलेल्या ट्यूबवर बसून, वेल उलटा करून एकेक फळ तोडायचं. शिंगाड्याला दोन्ही बाजूंना शिंगासारखे काटे असतात. दिवसभर ते हातात घुसत राहतात. एकादशीला शिंगाडा उपवासाला चालतो, भाव चांगला मिळतो, म्हणून आदल्या दिवशी माणसं नेहमी जात नाहीत त्या काठालाही हात घालतात. या तलावाच्या त्या काठाला बेशरमची दाट झुडपं पाण्यात उतरली होती. तिथेच तिने हात घातला.

साधारण चाळिशीची बाई. डाव्या हाताच्या अंगठ्याजवळ काहीतरी टोचलं, तिला वाटलं काटा. तिने हात झटकला आणि आणखी काही फळं तोडली. तोपर्यंत शेजारच्या ट्यूबवरचा पुतण्या ओरडला होता, कारण त्याने बेशरमच्या बुंध्याशी साप पाहिला होता.

आम्ही पोचलो तेव्हा ती काठावर ताडपत्रीवर बसलेली होती. मनगटाच्या वर ट्यूबची नायलॉनची दोरी करकचून बांधलेली. तळहात सुजून टम्म, बोटं निळसर. भोवती सगळं गाव.

“पाण्यातला होता जी मॅडम, ढोंड्याच असन,” तिचा नवरा म्हणाला. “पाण्यातल्याले जहर नसते.”

“मान फुगवली होती त्यानं,” पुतण्या म्हणाला.

“ढोंड्याबी फुगवते.”

नवऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ढोंड्या, म्हणजे पाणदिवड, डिवचला की डोकं उचलतो, मान चपटी करतो आणि कडकडून चावतोही. तो बिनविषारी आहे. पण नाग पाण्यात जात नाही असं कुणी सांगितलं? नाग उत्तम पोहतो, आणि बेडूक-उंदीर जिथे असतील तिथे तो असतो. तलावाचा ओला काठ, वर बेशरमची सावली, बाजूला तोडलेल्या वेलांचे ढीग, आणखी त्याला काय हवं? पाण्यातला साप म्हणजे बिनविषारी, ही समजूत आमच्या भागात इतकी पक्की आहे की ती दर मोसमात कुणाचा ना कुणाचा वेळ खाते.

दंशाची खूण शोधण्यात अर्थ नव्हता. दोन्ही हात काट्यांनी इतके टोचलेले होते की दोन दात कुठले आणि शिंगाड्याचे काटे कुठले हे कुणालाही सांगता आलं नसतं. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. वर बघा म्हटलं तर तिने कपाळाला आठ्या घातल्या, भुवया चढल्या, पापण्या मात्र तिथेच.

“तिले झोप येऊन राह्यली,” दीर म्हणाला. “सकाळी चारले उठली नं.”

ती झोप नव्हती. नागाच्या विषातले घटक मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर जाऊन बसतात. मेंदूचा हुकूम निघतो, पण स्नायूला तो पोचत नाही. आधी पापण्या, मग जीभ आणि घसा, मग मान, आणि पुढे छाती. शुद्ध मात्र शाबूत असते. मी तिला एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. चौदापर्यंत गेली. धडधाकट माणूस वीसच्या पुढे सहज जातो.

पायलट कात्री घेऊन दोरी कापायला निघाला होता, त्याला थांबवलं. दोरी बांधणं चुकीचंच, पण बांधलेली दोरी हातात औषध नसताना एकदम सोडणं त्याहून वाईट. अडकलेलं विष एका झटक्यात अंगात पसरतं आणि माणूस तिथल्या तिथे श्वास सोडू शकतो. हाताला बांबूची कामटी बांधून हात स्थिर केला, ऑक्सिजन लावला, तिला डाव्या कुशीवर घेतलं आणि निघालो.

गाडीच्या दारातच वाद सुरू झाला. घरच्यांना थेट नागपूरला जायचं होतं, मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. “तिथं का ठेवलं हाय? सीधे नागपूरले घ्या, पैशाचं पाहू आम्ही.” पैशाचा प्रश्न नव्हता, वेळेचा होता. सापाच्या विषावरची लस तालुक्याला होती आणि तालुका पंधरा-वीस मिनिटांवर होता. नागपूर तासाभरावर. त्या तासात तिच्या छातीचे स्नायू थांबले असते. मी हे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं आणि दार लावून घेतलं. अशा वेळी गोड बोलून चालत नाही, यावर मी ठाम आहे.

वाटेत परत आकडे मोजायला लावले. नऊ. आवाज नाकातून येऊ लागला होता, लाळ गिळता येत नव्हती. सक्शनने तोंड साफ करत राहिले.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते आणि फोनवर सांगितलेलं सगळं त्यांनी मांडून ठेवलं होतं. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं. घोणस, म्हणजे आपल्याकडची परड, चावली तर त्या नळीतलं रक्त पातळच राहतं. इकडे नळीची वाट न बघता लसीच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू झाल्या, कारण पापण्यांनी जे सांगायचं ते सांगितलंच होतं. ही लस घोड्यांच्या रक्तापासून करतात आणि ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. म्हणून साप मारून पिशवीत घालून आणायची काही गरज नसते. लसीची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, त्यासाठी अ‍ॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलेलं होतं.

लस अंगात जाऊ लागल्यावर दोरीकडे वळलो. दोरीच्या वर बीपीचा पट्टा बांधला, हवा भरून तो घट्ट केला, मग दोरी कापली आणि पट्ट्यातली हवा हळूहळू, काट्यावर नजर ठेवून सोडली. दोरीखालच्या कातडीवर तिच्या पिळाची नक्षी उमटली होती.

अ‍ॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिन दिल्यावर पापण्या थोड्या उचलल्या, नवऱ्याचा चेहरा उजळला. नागाच्या दंशात निओस्टिग्मिनचा उपयोग होतो, मण्यारच्या दंशात सहसा होत नाही, कारण मण्यारचं विष सांध्याच्या अलीकडे, मज्जातंतूच्या टोकावर काम करतं. पण उचललेल्या पापण्या थोड्या वेळाने परत खाली आल्या. नळीतलं रक्त गोठलं होतं, म्हणजे घोणस नव्हती. आता आकडे चारवर आले होते आणि मान उशीवरून उचलत नव्हती. तालुक्याला व्हेंटिलेटर नव्हता. डॉक्टरांनी लस चालू ठेवून नागपूरच्या मेयो हॉस्पिटलला फोन लावला आणि आम्ही निघालो.

मनसर ओलांडून हायवेला लागलो आणि श्वास उथळ होत होत जवळजवळ थांबला. आमच्या गाडीत व्हेंटिलेटर नाही. अँबू बॅग आहे, म्हणजे रबराचा फुगा आणि मास्क. मास्क नीट बसवायला, जबडा वर उचलून धरायला मला दोन्ही हात लागत होते. फुगा दाबायला तिसरा माणूस हवा होता. पायलट गाडी चालवत होता. नवरा समोर बसला होता, हात जोडून.

“इकडे या. हा फुगा धरा. मी दाबा म्हटलं की दाबायचा, सोडा म्हटलं की सोडायचा. छाती वर येते का तेवढं बघायचं.”

त्याचे हात थरथरत होते. बोटं शिंगाड्याच्या चिकाने काळी, नखांशी काट्यांच्या जखमा. पहिले एक-दोन वेळा त्याने घाबरून फार जोरात दाबलं. हवा पोटात जायला नको, म्हणून मी त्याला फक्त छाती उचलेल एवढंच दाबायला सांगितलं. पाच-सहा सेकंदांनी एकदा. दाबा. सोडा. हळूहळू त्याला लय सापडली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून दीर फोनवर बोलू लागला. “नाही राह्यली असंच समजा. तिकडची तयारी करून ठेवा.”

मी इतक्या मोठ्याने “बंद करा तो फोन” म्हणाले की पायलटने आरशातून पाहिलं. मग तिच्या कानाशी वाकून म्हटलं, “ताई, तुम्ही झोपलेल्या नाही हे मला माहीत आहे. श्वास आम्ही देतोय. ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा.”

पायाचे स्नायू उशिरा जातात, म्हणून विचारलं होतं. पण हलेल याची खात्री नव्हती. उजव्या पायाचा अंगठा हलला. थोडासाच, पण स्पष्ट.

नवऱ्याने ते पाहिलं. “तिले ऐकू येते का जी?”

“सगळं ऐकू येतं. बोला तिच्याशी, पण फुगा सोडू नका.”

तो बोलायला लागला. पोरीची फी, संस्थेकडचा हिशेब, उकडायला ठेवलेलं पातेलं कुणी उतरवलं असेल का. कन्हानच्या पुलावर गर्दी होती, कामठीत जास्त. पायलटने सायरन वाजवत वाट काढली. ऑटोमोटिव्ह चौक, इंदोरा, आणि तिथून मेयो. या सगळ्या वेळात त्या माणसाने फुगा एकदाही थांबवला नाही. मी हात बदलू का विचारलं तर मान हलवून नको म्हणाला.

मेयोच्या दारात टीम उभी होती. श्वासनळीत नळी गेली, व्हेंटिलेटर लागला आणि नवऱ्याच्या हातातून फुगा काढून घ्यावा लागला.

नागाच्या विषाने माणूस दगावतो तो बहुतेक वेळा श्वास थांबल्यामुळे. विषाची पकड लस आणि वेळ मिळून सोडवतात, तोपर्यंत श्वास कुणीतरी चालू ठेवला तर माणूस परत येतो. हे पुस्तकात मीही वाचलं होतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज दिला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू खेड्यांतले. नागपुरातल्या नाग नदीत २०२१ साली मगर दिसली तेव्हा शहरभर तिचीच चर्चा होती. मगरीची भीती वाटणं साहजिक आहे. पण पाण्यात आणि चिखलात उतरून पोट भरणाऱ्यांच्या वाट्याला येतो तो धोका मनगटाएवढाही जाड नसतो, आणि त्याची चर्चा त्यांच्या घराबाहेर जात नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी तिची नळी निघाली. मी भेटायला गेले तेव्हा आवाज बसलेला होता, पण पहिलं वाक्य स्वच्छ होतं. “भाऊजी फोनवर का बोलले ते सारं ऐकलं म्या.” दीर बाहेर व्हरांड्यात उभा होता, आत येत नव्हता. तिने स्वतःच त्याला हाक मारून बोलावलं. त्यांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, निघून आले.

हाताचं दुखणं लांबलं. नागाचं विष मांसही कुजवतं. अंगठ्याजवळची कातडी काळी पडली, ती शल्यचिकित्सकांनी काढली आणि पुढे कित्येक आठवडे ड्रेसिंग चाललं. अंगठा अजून पूर्ण मिटत नाही. तोडणीच्या कामाला तो हात चालत नाही, म्हणून ती आता काठावर निवडायला बसते.

संस्थेने मला तलावावर बोलावलं. मी दोरी बांधू नका म्हणाले तेव्हा एक म्हातारे ढीवरबाबा उठले. “दोरी नाही बांधली तं जहर चढन नं बाई. आमच्या बापानंबी बांधली होती.” मी उत्तर द्यायच्या आत तिने हात पुढे केला आणि मनगटावरचा दोरीचा डाग त्यांना दाखवला. बाबांनी तो निरखून पाहिला, बोट लावून पाहिला, आणि पटलं नाही असं सांगून खाली बसले. त्यांच्याशी माझं भांडण अजून चालू आहे आणि मी ते सोडणार नाही.

बाकीच्यांनी मात्र उतरायच्या जागेवरची बेशरम तोडायचं ठरवलं. तोडलेले वेल पाण्यालगत न रचता बांधाच्या पलीकडे टाकायचे, वेलात हात घालण्याआधी लांब काठीने काठ हलवायचा, आणि झोपडीत एक चार्ज केलेला फोन आणि दोन कामट्या कायम ठेवायच्या, एवढं त्यांनी आपणहून मांडलं. अँबू बॅग कशी दाबायची ते पोरांना कोण दाखवणार, असं कुणीतरी विचारलं. तिचा नवरा पुढे आला आणि माझ्या पिशवीतला फुगा त्याने मागून घेतला.